सिंघम नको, पंचनामा नीट लिहिणारा जमादार हवा

भोकरमध्ये सकाळी साडेपाचला मैदानावर गेलात तर तीसचाळीस पोरे-पोरी धावताना दिसतील. त्यातली निम्मी आपल्या वस्तीतली. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने राज्यात पंधरा हजारांहून अधिक पोलीस पदे भरायला मंजुरी दिली, तेव्हापासून ही गर्दी वाढली आहे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग १०० मीटर, गोळाफेक, मैदानाचे पन्नास गुण आणि लेखीचे शंभर. शेतमजुराच्या, हमालाच्या, वीटभट्टीवर जाणाऱ्याच्या घरात एक खाकी वर्दी आली की त्या घराचे काय होते, हे मी वेगळे सांगायला नको. म्हणून ही पोरे धावताना पाहिली की बरे वाटते.

धावून झाल्यावर पोरे मोबाईल काढतात. रील्समध्ये कोणीतरी पोलीस अधिकारी गाडीतून उतरतो, काळा चष्मा, मागे संगीत, पुढे हात जोडून बसलेला गुंड. एक दिवस त्यातला एक मला म्हणाला, ‘‘ताई, कोर्टाबिर्टाचं काही खरं नाही बघा. बदलापूरला कसं केलं, गाडीतच विषय संपवला. बोंढारच्या केसमध्ये असं झालं असतं तर?’’

मी लगेच काही उत्तर दिले नाही. त्याचा राग खोटा नव्हता. नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत १ जून २०२३ रोजी अक्षय भालेराव या चोवीस वर्षांच्या आपल्या तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंतीची मिरवणूक काढली, त्याचा राग होता, असे कुटुंबाचे म्हणणे. त्या वेळी आपण सगळे रस्त्यावर होतो, तो पोरगाही होता. खटल्याच्या तारखा पडताना पाहिल्या की माणसाच्या मनात गोळीचा विचार येतो, हे मला समजते. पण त्याच पोराच्या मोबाईलच्या डीपीवर सोमनाथ सूर्यवंशीचा फोटो आहे. हे दोन्ही एकाच मोबाईलमध्ये कसे राहतात, यावर आपल्या चळवळीत नीट बोलणे झालेले नाही. ते आज करू.

परभणीचा घटनाक्रम या संकेतस्थळाच्या वाचकांना पाठ आहे, तरी थोडक्यात. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्टेशनसमोरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग वस्त्यांमध्ये पोलिसांचे कोम्बिंग. वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा पस्तीस वर्षांचा सोमनाथ पकडला गेला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. छत्रपती संभाजीनगरला झालेल्या शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदवले गेले. विधानसभेत मात्र सरकारने श्वसनाच्या आजाराकडे बोट दाखवले आणि मारहाण झाल्याची तक्रार त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केली नव्हती, असे सांगितले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा दाखल होईना. आईने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली, बाळासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडली, ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा दाखल करण्याचा आदेश झाला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथेही हरले. डिसेंबर २०२५ मध्ये सोमनाथला जाऊन वर्ष झाले.

आता बदलापूर. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन चिमुकल्यांवरच्या अत्याचाराच्या गुन्ह्यात पकडलेला आरोपी २३ सप्टेंबरला पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावले, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, ही पोलिसांची बाजू. ‘बदला पुरा’ असे फलक मुंबईत लागले, पेढे वाटले गेले. आपल्या काही ग्रुपवरही अभिनंदनाचे संदेश फिरले, मी स्वतः पाहिले आहेत. पुढे जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांचा अहवाल आला आणि त्यात पाच पोलिसांना या मृत्यूला जबाबदार धरले गेले. तोवर पेढे संपले होते. आणि गाडीतला माणूस मेल्यावर, शाळेच्या बाजूने कोणी काय लपवले, कोणी उशीर केला, हे त्याच्या खटल्यात उलटतपासणीतून बाहेर येण्याची वाटही बंद झाली.

माझे म्हणणे एवढेच आहे की बदलापूरला जो परवाना आपण टाळ्या वाजवून दिला, तोच परवाना तीन महिन्यांनी परभणीत वापरला गेला. ‘आरोपीला कोर्टाआधी शिक्षा द्यायचा अधिकार पोलिसाला आहे’ हा तो परवाना. त्यावर आरोपीची जात लिहिलेली नसते. ती नंतर भरली जाते, आणि कोणाची भरली जाते हे मराठवाड्यात राहणाऱ्याला विचारायची गरज नाही.

हा परवाना आला कुठून, ते पाहायला हवे. महाराष्ट्र पोलिसांत नामांकित तपास अधिकारी पूर्वीही होते, पण त्यांचे नाव गोळीमुळे झाले नव्हते. २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही वेबमालिका आली, अनेकांनी पाहिली असेल. परभणी जिल्ह्यातले मानवत, म्हणजे आपल्याच मुलखातली गोष्ट. १९७२ च्या दुष्काळात तिथे लहान मुली आणि बायकांचे एकामागून एक खून होऊ लागले. गुप्तधन, मूल होणे, पिंपळावरचा मुंजा, अशा अंधश्रद्धेची चर्चा त्यामागे होती. स्थानिक तपास अडला तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. त्याआधी १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरात फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरिबांना रात्री डोक्यात घाव घालून मारणाऱ्या रमण राघवचा तपास त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला होता.

रमण राघवला पकडले अ‍ॅलेक्स फियालो नावाच्या एका उपनिरीक्षकाने. भर रस्त्यात, वर्णनावरून ओळखून. गोळी नाही, पाठलाग नाही. नजर आणि लक्षात ठेवलेले वर्णन. पकडल्यावर तो बोलेना. शेवटी त्याला कोंबडी खाऊ घातली आणि मग तो बोलू लागला, हा किस्सा पोलिसांत अजून सांगितला जातो. त्याने चाळीसहून अधिक खुनांची कबुली दिली, हत्यार लपवलेली जागा दाखवली. खटला चालला, फाशी झाली, आणि मनोविकारतज्ज्ञांच्या अहवालानंतर फाशीची जन्मठेप झाली. ज्याने इतके गरीब मारले त्याला कायद्याने वेडा म्हणून जगू दिले, याचा राग येतो ना? मलाही येतो. पण त्या खटल्यामुळेच आपल्याला कळले की ते कोणी भूत नव्हते, कोणती टोळी नव्हती, अमुक जातीचे लोक नव्हते. एक आजारी माणूस होता. तो पहिल्याच रात्री चकमकीत मेला असता तर संशयाची तलवार कोणत्या वस्तीवर राहिली असती, विचार करा.

कुलकर्णींचे नुसते गुणगान मला करायचे नाही. मानवतचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ च्या त्या निकालाच्या शेवटी न्यायालयाने पोलिसांना सुनावले आहे. गुन्हा उघडकीला आणण्याच्या उत्साहात पोलीस आपल्या बंद खोलीतल्या ताब्यातल्या माणसांवर हात उगारण्याच्या मोहात पडतात आणि हा मोह सुरुवातीलाच खुडून टाकला पाहिजे, असा त्याचा आशय. म्हणजे ज्या तपासावर आज मालिका निघते, त्याच खटल्याच्या निकालात ताब्यातल्या माणसांना होणाऱ्या मारहाणीबद्दल इशारा आहे. मालिका पाहिली की हा भाग कोणी शोधत नाही. मानवतच्या प्रकरणात पारधी समाजाचे नाव गोवले गेले, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण आजही आमच्या तालुक्यात चोरी झाली की पहिली गाडी कोणत्या पालावर जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मधुकर झेंडे यांच्यावरचा चित्रपट आला. तुरुंगातून पळालेल्या चार्ल्स शोभराजला त्यांनी ६ एप्रिल १९८६ रोजी गोव्यातल्या एका हॉटेलात जाऊन जिवंत धरले, आणि १९७१ मध्येही त्यांनीच धरले होते. दोन्ही वेळा माणूस कोर्टापुढे उभा केला. पडद्यावर हे जरा गमतीने दाखवले आहे, चालायचेच.

मग बदल कधी झाला? ११ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत वडाळ्याला मन्या सुर्वे या गुंडाला पोलिसांनी गोळ्या घातल्या. मुंबईतली पहिली गाजलेली चकमक म्हणून तिचा उल्लेख होतो. ती जागा डॉ. आंबेडकर कॉलेजच्या चौकाजवळची, हा योगायोग मला नेहमी खटकतो. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, नाशिकच्या प्रशिक्षण केंद्रातून उपनिरीक्षकांची एक तुकडी बाहेर पडली. प्रदीप शर्मा, विजय साळसकर, प्रफुल्ल भोसले, रवींद्र आंग्रे हे सगळे त्या तुकडीतले. नव्वदच्या दशकात टोळीयुद्ध आणि खंडणीने मुंबई हैराण झाली होती, साक्षीदार फुटत होते, जामीन होत होते. तेव्हा या अधिकाऱ्यांना मोकळीक मिळाली. वर्तमानपत्रे त्यांच्या नावापुढे क्रिकेटच्या धावांसारखे आकडे छापू लागली. प्रदीप शर्मांच्या नावावर शंभराहून अधिक, दया नायकांच्या नावावर ऐंशीच्या पुढे. २००४ मध्ये ‘अब तक छप्पन’ आला. ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ हा शब्द पदवीसारखा वापरला गेला. कोणत्याही पोलीस नियमावलीत असे पद नाही.

याच तुकडीला नाशिकला शिकवणारे प्राचार्य होते अरविंद इनामदार. १९९४ च्या जळगाव वासनाकांडाचा तपास त्यांनी केला. राजकीय वजन असलेल्या लोकांची नावे त्यात होती, मुली बोलायला घाबरत होत्या. एकही गोळी न झाडता केलेला तो तपास किती अवघड असेल! पण इनामदारांवर रील निघत नाही. पोरांना त्यांचे नाव माहीत नाही, मी मैदानावर विचारून पाहिले.

चकमकींची ही गोष्ट पुढे कुठे गेली तेही पोरांना सांगायला हवे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीहून उचलले आणि संध्याकाळी वर्सोव्याला चकमकीत मारल्याचे दाखवले. त्याचा भाऊ वकील. भावाला उचलल्याचे कळताच त्याने त्याच दुपारी वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले. त्या कागदांवर वेळ छापलेली होती. पोलिसांच्या कहाणीतल्या वेळेशी ती जुळेना. पुढची अठरा वर्षे तो भाऊ त्या कागदांच्या जोरावर लढला. मधल्या काळात मुख्य साक्षीदार साक्षीआधीच पळवून मारला गेला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांसह एकवीस जणांना दोषी धरले, शर्मा सुटले. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून प्रदीप शर्मांना जन्मठेप सुनावली. त्यांचे अपील सर्वोच्च न्यायालयात आहे. याच शर्मांनी २०१९ मध्ये नालासोपाऱ्यातून विधानसभा लढवली होती आणि त्यांच्या सभांना गर्दी होत होती.

दुसरे प्रकरण पुन्हा परभणीचे. ख्वाजा युनूस, परभणीचा सॉफ्टवेअर इंजिनिअर, वय सत्तावीस. २ डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटानंतर त्याला पकडले. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ गाडी दरीत कोसळली आणि तो पळून गेला. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. कोठडीत मारहाणीत त्याचा मृत्यू झाला आणि पळाल्याचा बनाव केला, असा आरोप ठेवून ज्या पोलिसांवर खटला भरला, त्यात सचिन वाझे होते. २००४ मध्ये निलंबित झालेल्या वाझेंना जून २०२० मध्ये परत सेवेत घेतले. नऊ महिन्यांत, मार्च २०२१ मध्ये, मुंबईत एका उद्योगपतीच्या घराबाहेर स्फोटके ठेवल्याच्या प्रकरणात एनआयएने त्यांना अटक केली. युनूसच्या बाबतीत जे चालून गेले, ते चालून गेले म्हणूनच पुढचे धाडस झाले, असे मला वाटते. परभणीतल्या एका मुसलमान आईच्या दुःखावर आपण तेव्हा किती बोललो? बावीस वर्षांनी त्याच शहरातली एक वडार आई त्याच दारात उभी राहिली.

वर्दीतला शूर माणूस म्हणून मुलांना कोणाची गोष्ट सांगायची, असे कोणी विचारले तर मी तुकाराम ओंबळेंचे नाव घेईन. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे, आधी सैन्यात, मग मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात काठी होती आणि समोर एके-४७. त्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. जिवंत सापडला म्हणून तो कुठून आला, कोणी पाठवले, हे जगासमोर पुराव्यानिशी मांडता आले. त्याला वकील दिला गेला, साक्षीदार तपासले गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. चार वर्षांत. ज्या माणसाला जागेवर ठार मारले असते तर कोणीच जाब विचारला नसता, त्याला कोर्टात उभे करता आले ते एका जमादाराच्या हातांमुळे. मैदानावरच्या त्या पोराला मी हीच गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ‘‘पण ताई, तो तर मेला ना.’’ बरोबर आहे त्याचे. रीलमधला हिरो कधी मरत नाही.

मुंबईच्या या गोष्टींचा भोकरशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध असा की ठाण्यात बसलेला प्रत्येक अधिकारी आज कोणासारखा तरी होऊ पाहतो. तेच चित्रपट त्यानेही पाहिले आहेत. २०११ च्या ‘सिंघम’नंतर तर आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्याला एकदा तरी ‘सिंघम’ मिळाला. वर्तमानपत्रे मथळ्यात हाच शब्द घालतात, बदली झाली की लोक फुले उधळून निरोप देतात. असा अधिकारी असतो तोवर मटका बंद, गेला की पंधरा दिवसांत चालू. यंत्रणेत काही उरत नाही, कारण त्याने यंत्रणा बदललेली नसते, तिच्यावरून उडी मारलेली असते. मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये पोलिसांच्याच एका कार्यक्रमात अशा चित्रपटांबद्दल धोक्याचा इशारा दिला होता. न्यायाधीश भित्रे किंवा भ्रष्ट दाखवायचे आणि नायक पोलीस एकटा न्याय करतो असे दाखवायचे, यातून लोकांना कायद्याची प्रक्रियाच अडथळा वाटू लागते, असे त्यांचे म्हणणे होते.

आणि आपल्याला, म्हणजे गावकुसाबाहेरच्या माणसाला, त्या प्रक्रियेशिवाय दुसरे काय आहे? पाटलाकडे माणसे आहेत, जमीन आहे, फोन लावायला आमदार आहे. आपल्याकडे एफआयआरची नक्कल आहे.

माझा अनुभव सांगते. ठाण्याचे नाव सांगत नाही, तालुकाही नाही. एका कुटुंबाला घेऊन मी फिर्याद द्यायला गेले होते. शेताच्या बांधावरून मारहाण झाली होती, जातीवरून शिव्या दिल्या होत्या, बाईच्या हाताला टाके होते. दुपारी एकला गेलो, रात्री साडेनऊपर्यंत बाकावर. साहेब तरणे, रुबाबदार, गावातल्या पोरांत त्यांची ‘डॅशिंग’ म्हणून ख्याती. ते म्हणाले, ‘‘मॅडम, गाव एक आहे, मिटवून घ्या. आणि मी त्या पोराला असा दम देतो की परत मान वर करणार नाही.’’ दम द्यायला ते तयार होते, लिहायला तयार नव्हते. दम कोर्टात सादर करता येत नाही. शेवटी लिहिले ते रात्रपाळीला आलेल्या एका वयस्क जमादाराने. त्याने बाईला आधी पाणी दिले. मग एकेक गोष्ट विचारत गेला. शिवी नेमकी कोणत्या शब्दात दिली, तेव्हा समोर कोण उभे होते, जागा सार्वजनिक होती का, किती वाजले होते, उजेड कशाचा होता. शिवीचा शब्द लिहिताना बाई लाजली, तर म्हणाला, ‘‘माय, तू बोलली तसंच लिहावं लागतंय, नाहीतर तिकडचा वकील खोडून काढतो.’’ त्या माणसाचे नाव कुठल्याही रीलमध्ये येणार नाही. आमच्या खटल्यात आज जो काही जीव आहे तो त्या तीन पानांत आहे.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे यश-अपयश याच तीन पानांवर ठरते. १९८९ चा कायदा आणि १९९५ चे नियम बारकाईने वाचले तर दिसते की बाबासाहेबांच्या लेकरांना कायदेमंडळाने हिरो दिलेला नाही, कागद दिला आहे. नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, साठ दिवसांत दोषारोपपत्र, आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षा. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजीत काय झाले? सुरुवातीचा तपास इतका ढिला होता की चार जणांच्या हत्याकांडात शिक्षा झाली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली कोणी दोषी ठरला नाही. भोतमांगे कुटुंबाला जातीमुळे मारले हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होते, तरी कोर्टाच्या निकालात जात उमटली नाही. तिथे एखादा सिंघम असता तर काय केले असते? चार थोबाडीत मारल्या असत्या. पहिल्या दिवशी जबाब नीट घेणारा, कपडे आणि हत्यारे नीट सीलबंद करणारा माणूस तिथे हवा होता.

कोर्टे संथ आहेत हा आक्षेप मी टाळत नाही. तारखांनी माणूस झिजतो, साक्षीदार गाव सोडून पुण्याला कामाला जातो, फिर्यादीला गावातच राहायचे असते आणि आरोपी जामिनावर रोज समोर दिसतो. या संथपणावर आपण मोर्चे काढले पाहिजेत, विशेष न्यायालये आणि विशेष सरकारी वकील मागितले पाहिजेत. पण संथ कोर्टावर उपाय म्हणून वेगवान पिस्तूल मागितले, तर ते पिस्तूल पुढच्या वेळी बंदच्या दिवशी आपल्या वस्तीत येते. ११ जुलै १९९७ ला रमाबाई आंबेडकर नगरात ते आले होते. तिथेही हुकूम देणारा अधिकारी स्वतःला शूरच समजत असणार. दहा जण गेले. त्याला जन्मठेप व्हायला २००९ उजाडले.

ताजे उदाहरण बीडचे. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. सोमनाथच्या आधी सहा दिवस, तोच मराठवाडा. तिथेही ‘एन्काउंटर करा’ अशा घोषणा झाल्या. झाले काय, तर सीआयडीने फेब्रुवारी अखेरीस दोषारोपपत्र दाखल केले. मारहाणीचे व्हिडिओ आणि फोटो पुराव्यात आले, ते लोकांसमोर आले आणि ४ मार्च २०२५ ला एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. आरोपी आधीच चकमकीत संपले असते तर त्यांच्या मागचा हात कोणाचा, हा प्रश्न त्यांच्याबरोबरच जळाला असता आणि मंत्र्याची खुर्ची राहिली असती. बीडमध्ये आणखी एक छोटी गोष्ट झाली. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या टेबलावर आडनावाशिवाय फक्त नावाच्या पाट्या लावल्या. त्याने जात जाणार नाही हे उघड आहे, आडनाव न वाचताही जात ओळखण्यात आपल्याकडे सगळे तरबेज आहेत. तरी फिर्याद द्यायला आलेल्या माणसाची नजर पहिल्यांदा पाटीकडे जाते, हे कुठल्यातरी अधिकाऱ्याच्या ध्यानात आले, याची नोंद मी घेते. त्यात पिस्तूल नव्हते, म्हणून ती बातमी दोन दिवसांत विरली.

चळवळीतल्या कार्यकर्त्यांनीही थोडे स्वतःकडे पाहावे. निवेदनात आपण ‘आरोपींना फाशी द्या’ लिहितो. त्याऐवजी ‘सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे या ठाण्यातले सीसीटीव्ही चालू आहेत का, अमुक तारखेचे चित्रण जपून ठेवा’ असे किती वेळा लिहितो? चित्रण किमान एक वर्ष जपायचे आहे. म्हणजे मागणीला उशीर झाला की पुरावा गेला. २०१४ च्या पीयूसीएल निकालात चकमकीनंतर काय करायचे याची यादी दिली आहे. गुन्हा नोंदवा, तपास त्या पथकाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे द्या, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी करा, आणि शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत बक्षीस किंवा बढती देऊ नका. हे निकाल मराठीत छापून प्रत्येक विहारात लावायला फार खर्च येत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी दोन इशारे एकाच दमात दिले होते. एक, संविधानाचे मार्ग खुले असताना दुसरे मार्ग सोडा. दुसरा, राजकारणातली व्यक्तिभक्ती हुकूमशाहीकडे नेते. आपण दर २६ नोव्हेंबरला पहिल्या इशाऱ्यावर भाषणे करतो. दुसरा फक्त पुढाऱ्यांना लावतो. वर्दीतल्या माणसाचीही भक्ती असते, आणि त्याच्या कमरेला पिस्तूल असल्याने ती जास्त महाग पडते.

ऑक्टोबरपासून आम्ही विहारात रविवारी दोन तास एक वर्ग घेतो. भरतीचीच पोरे येतात. गणित-बुद्धिमत्तेचा एक तास आणि मग तासभर ‘लिहिणे’. कोणीतरी घडलेली भांडणाची गोष्ट सांगते, बाकीच्यांनी ती फिर्याद म्हणून लिहायची. पहिल्या रविवारी सगळ्यांनी ‘आरोपीने जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढेच लिहिले. शब्द नाही, वेळ नाही, साक्षीदार नाही. मी त्या जमादाराची गोष्ट सांगितली. गेल्या रविवारी बोंढारची आठवण काढणाऱ्या त्या पोराने पावणेतीन पाने लिहून आणली. रस्त्यावरच्या दिव्याचा खांब फिर्यादीपासून किती पावलांवर होता, हेही त्याने लिहिले होते. अक्षर वाईट आहे, त्यावर काम चालू आहे.